चौथ्या प्रकरणाचा साक्षीदार

अश्लेषा शुक्रवारी दुपारी ग्रोनिंगनहून आली आणि आईने पुढे केलेला चहा तिने न पिताच बाजूला सारला, तेव्हाच उल्हासराव पडवळांनी ताडले, की पोरीचे काहीतरी बिनसले आहे. नेदरलँड्सच्या राजधानीतल्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीतले ते घर त्यांच्या मुलाचे, प्रतीकचे. तो जवळच्याच झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेत संगणकाचे काम करी आणि सायकलने अकरा मिनिटांत कचेरीत पोचे. या अकरा मिनिटांचा त्याच्या आईला त्याच्या पगारापेक्षा अधिक अभिमान होता. उल्हासराव आणि सरलाबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते ते मात्र मुलीसाठी. अश्लेषाचा पीएच.डी.चा प्रबंध पुरा होत आला होता आणि दोन महिन्यांनी ग्रोनिंगनच्या विद्यापीठात त्याचा जाहीर समारंभ व्हायचा होता.

"चौथं प्रकरण काढावं लागणार, बाबा," ती म्हणाली.

"काढावं लागणार? तो काय दात आहे?"

"दातच. अक्कलदाढ. समितीतले एक प्राध्यापक म्हणतात, पुरावा नाही. पंधरा दिवसांत पुरावा आणा, नाहीतर ते प्रकरण वगळून प्रबंध छापा."

उल्हासरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या बाबतीत हे लक्षण वादाच्या तयारीचे असे.

अश्लेषाच्या प्रबंधाचा नायक एझ्रा व्हिटलो. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत जन्मलेला हा काळा मुलगा तेविसाव्या वर्षी अमेरिकन सैन्यातून नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिम्बुर्ग प्रांतात आला. पण त्याच्या हाती बंदूक दिली गेली नाही, फावडे दिले गेले. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या त्या ओल्या हिवाळ्यात मार्ग्राटन गावाबाहेरच्या चिखलात आपल्याच सैन्यातल्या मृतांच्या कबरी खणणे, हे त्याचे युद्ध. युद्ध संपले. तो मेम्फिसला गेला आणि वर्षभरात त्याने काळ्या माणसांचे, काळ्या माणसांसाठी एक मासिक काढले. त्याचे नाव 'लॅम्पलाइट'. न्हाव्यांच्या दुकानांतून, बायकांच्या केशालयांतून, आगगाडीतल्या हमालांच्या हातून ते गावोगाव पोचले. दहा वर्षांत त्याला दीड लाख वाचक मिळाले. मासिकामागून शाळेची पुस्तके आली, पुस्तकांमागून वैभव आले, आणि आलेले वैभव व्हिटलोने दोन्ही हातांनी वाटले. जिथे काळ्या मुलांना वाचनालयाच्या पायरीवर उभे राहू देत नसत, त्या गावांत त्याने वाचनालये बांधली. शेकडो मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या. या शिष्यवृत्त्यांच्या निधीला त्याने 'एच. एम.' एवढीच दोन अक्षरे नाव म्हणून दिली होती. त्यांचा अर्थ त्याने मरेपर्यंत कोणाला सांगितला नाही.

अश्लेषाचे चौथे प्रकरण त्या दोन अक्षरांबद्दल होते. ती अक्षरे म्हणजे हॅटी मेबेरी. मेम्फिसच्या एका चर्चच्या तळघरात पायाने चालवायचे एक छोटे छपाईयंत्र होते, आणि ही शाळामास्तरीण फावल्या वेळात त्याच्यावर रविवारची भजनपत्रके छापत असे. 'लॅम्पलाइट'चा पहिला अंक तिने जुळवला, तिने छापला, आणि व्हिटलोला हा धंदा शिकवला तोही तिनेच, असे अश्लेषाचे म्हणणे. हॅटीचे नाव अंकावर घालणे शक्य नव्हते. मतदानाचा हक्क मागणाऱ्या मासिकावर नाव दिसले असते तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली असती. पाच वर्षांनी ती न्यूमोनियाने वारली. पुढे त्याच शहरातल्या टॅलबर्ट नावाच्या गोऱ्या छापखानेवाल्याने आपल्या आठवणींत ठोकून दिले, की व्हिटलोचा पहिला अंक आमच्या छापखान्यात, आमच्या उदारपणामुळे निघाला. गेली पन्नास वर्षे अभ्यासक तेच लिहीत आले होते.

"पुरावा म्हणून माझ्याकडे व्हिटलोची पत्रं आहेत," अश्लेषा म्हणाली. "त्यात तो लिहितो, हॅटीचे हात माझ्यापेक्षा भरभर चालतात. पण प्राध्यापक स्टेन्स्मा म्हणतात, ज्याच्यावर वाद आहे त्याचीच साक्ष कशी धरायची?"

"बरोबर बोलतो तो माणूस," उल्हासराव म्हणाले.

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" सरलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी युक्तिवादाच्या बाजूने आहे. अश्लेषा, अंक दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. उल्हासरावांनी पडद्याकडे पाहिले न पाहिले आणि मान फिरवली.

"हे चित्र झालं. मला कागद पाहिजे. खिळ्यानं कागदाला चावा घेतलेला असतो, तो हाताला लागला पाहिजे."

उल्हासराव साताऱ्याच्या एका छापखान्यात पंधराव्या वर्षी लागले आणि एकतीस वर्षे खिळे जुळवत राहिले. खिळा म्हणजे शिशाचे एकेक सुटे अक्षर. खणाखणांच्या पेटीतून ते उचलायचे, ओळीत बसवायचे, ओळींचे पान बांधायचे. इंग्रजी त्यांना धड बोलता येत नसे, पण वाचता मात्र येई, आणि तेही आरशातल्यासारखे उलटे. पुढे संगणक आले, खिळे भंगारात गेले आणि उल्हासरावांच्या हातांना काही काम उरले नाही. एवढ्या वर्षांत जुळवलेल्या शेकडो पुस्तकांपैकी एकावरही त्यांचे नाव नव्हते. इतकेच काय, पुष्कळ पुस्तकांवर त्यांच्या छापखान्याचेही नव्हते.

"पहिल्या अंकाची खरी प्रत या देशात एकच आहे," अश्लेषा म्हणाली. "लिम्बुर्गमध्ये. मिया हाउबियर्स म्हणून सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत."

"मग चहा पी. उद्या जाऊ."

"अहो, पण उद्या शनिवार, प्रतीकनं आपल्याला ट्युलिप..." सरलाबाईंनी सुरुवात केली.

"फुलं पुढच्या वर्षीही येतील. हे प्रकरण येणार नाही."

मियाबाईंचे घर मार्ग्राटनच्या चर्चपाशी होते. चेरीचा व्हलाय, म्हणजे तिकडचा फळे भरलेला चपटा केक, त्यांनी कापूनच ठेवला होता. पाहुण्याने तो खाल्ल्याशिवाय कोणतीही जुनी गोष्ट सांगायची नाही, असा त्यांचा नियम असावा. अश्लेषा डच बोले आणि मग आईबापांना मराठीत सांगे. मियाबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. कबरी खणणारा एझ्रा रोज संध्याकाळी त्यांच्या आईकडे ओले मोजे वाळवायला येई आणि काही न बोलता चुलीपाशी बसून राही. एक दिवस तो बोलला. आज जो ट्रक-ड्रायव्हर पुरला त्याचे नाव सायलस मेबेरी, त्याच्या खिशात बहिणीचे पत्र होते, आणि त्या बहिणीला सरकारी तारेपेक्षा चांगले काहीतरी कोणीतरी लिहायला हवे. त्याने ते लिहिले, चार पानांचे. युद्धानंतर गावाने एक रीत पाडली ती आजतागायत चालू आहे. तिथली एकेक कबर एकेका घराने दत्तक घ्यायची आणि तिच्यावर फुले ठेवायची. हाउबियर्सांनी सायलसची घेतली. हॅटीच्या दारात व्हिटलो जाऊन उभा राहिला तो हीच बातमी घेऊन.

"भावाच्या कबरीतून मासिक निघालं म्हणायचं," सरलाबाई हळूच म्हणाल्या.

मियाबाईंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. शेहेचाळीस साली व्हिटलोने कॉफी आणि साबणाचे पार्सल पाठवले होते. त्यात पहिला अंक होता आणि तो हॅटीच्या जुन्या भजनपत्रकांत गुंडाळलेला होता. मियाबाईंच्या आईने दोरीसुद्धा टाकली नव्हती.

उल्हासरावांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग खिशातून आपले जुने भिंग काढले आणि खिडकीशी बसले. अर्धा तास गेला. मियाबाईंनी दुसऱ्यांदा कॉफी विचारली तीही त्यांना ऐकू गेली नाही. एका भजनपत्रकावर ते एकाएकी थबकले, मग अंकाचे तिसरे पान उघडून त्यांनी त्यावर नख टेकवले, आणि त्यांना हसू आले.

"काय झालं, बाबा?"

"हिच्याकडे यू संपले."

"कोणाकडे?"

"हॅटीकडे. ये, बघ. गरीब छापखान्यात प्रत्येक अक्षराचे खिळे मोजकेच असतात. पान लांबलं की एखादं अक्षर संपतं. मग जुळवणारा काय करतो? लहान एन उचलतो आणि डोक्यावर उभा करतो. झाला यू. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण खऱ्या यूच्या दांड्यांना वर एकाच बाजूला टोक असतं. उलट्या एनला दोन्ही बाजूंना. आणि तो ओळीत केसभर वर बसतो. या पानावर एकोणिसाव्या ओळीनंतर एकसुद्धा खरा यू नाही. भजनाच्या पत्रकावरही शेवटी शेवटी तेच. साताऱ्याला कॉलेजचं इंग्रजी वार्षिक जुळवताना मी हेच करत होतो."

"पण टॅलबर्टकडे..."

"टॅलबर्ट मोठा छापखाना. त्याच्याकडे यूंचे पोतेभर खिळे असणार. त्याला ही चोरी करायची गरज काय?" त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले. "आणि हा मोठा आर पाहिलास? याचा पाय मोडलाय. तोच लंगडा आर दोन्हीकडे आहे. थांब, असे अजून निघतील."

असे अकरा निघाले. मोडका आर, कान तुटलेला जी, पोटात चरा पडलेला बी. भजनात जे होते तेच मासिकात. संध्याकाळी परतीच्या गाडीत अश्लेषा यादी करत होती आणि मधेच थांबून म्हणाली, "बाबा, यूच का संपले पण? इंग्रजीत तर ई सगळ्यात जास्त लागतो."

"म्हणून पेटीतही ई सगळ्यात जास्त भरलेले असतात. सरासरी मजकुराचा हिशेब धरूनच खिळे ओततात. पण या बाईचा मजकूर सरासरी नव्हता. वाचून बघ. प्रत्येक ओळीत तुम्ही, आम्हाला, आपलं. इंग्रजीत या तिन्ही शब्दांना यू लागतो. भजनातही तेच, मासिकातही तेच." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "इतक्या वेळा आपलं म्हणणारा मजकूर ते खिळे ओतणाऱ्यानं कधी पाहिलाच नसेल."

प्रकरण प्रबंधात राहिले. मार्गदर्शक बाईंनी फोटो पाहिले, दोन दिवस विचार केला आणि छपाईला परवानगी दिली. त्या प्रकरणाच्या एका तळटीपेत अश्लेषाने लिहिले, की हे निरीक्षण उल्हास पडवळ, निवृत्त कंपोझिटर, सातारा, यांचे आहे. उल्हासरावांनी प्रूफ पाहताना ती टीप दोनदा वाचली आणि अक्षर फार बारीक आहे अशी तक्रार केली. मात्र समितीने एवढ्यावर हार मानली नव्हती. स्टेन्स्मांनी एका ओळीत कळवले होते, की चौथ्या प्रकरणाबद्दल आपण समारंभात बोलू. पदवी बहुधा मिळालीच असती. पण विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेला हा प्रबंध ग्रंथ म्हणून काढायचा होता, आणि त्या ग्रंथात चौथे प्रकरण राहणार की नाही हे स्टेन्स्मांच्या शिफारशीवर ठरणार होते. हॅटी मेबेरी जगापुढे यायची तर एवढीच वाट होती.

त्या देशातल्या पीएच.डी. समारंभाची एक जुनी चाल आहे. उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना दोन पाठीराखे उभे राहतात, त्यांना पारानिम्फ म्हणतात. पूर्वी उमेदवार अडला तर त्यांनी उत्तर द्यायचे असे. आता ते बहुतेक शोभेपुरतेच उरले आहेत. अश्लेषाने एका बाजूला भाऊ निवडला आणि दुसऱ्या बाजूला बाप. बरोबर पंचेचाळीस मिनिटे प्रश्नोत्तरे चालतात. मग घुंगरांची काठी घेतलेला विद्यापीठाचा दंडधारी आत येतो आणि लॅटिनमध्ये दोन शब्द उच्चारतो, "होरा एस्त." वेळ झाली. त्यानंतर कोणी, मग तो कितीही मोठा पंडित असो, एक अक्षर बोलायचे नाही.

"म्हणजे तुमच्यासाठी असा एखादा काठीवाला घरी ठेवायला हवा," समारंभाच्या सकाळी उल्हासरावांच्या बंद गळ्याच्या काळ्या कोटाची बटणे लावत सरलाबाई म्हणाल्या. "आणि हे बघा, तिथे वाद घालू नका. पोरीचा दिवस आहे."

"मी कशाला वाद घालतो? कोणी चुकीचं बोललं नाही तर मी गप्पच असतो."

"हेच म्हणते मी."

ग्रोनिंगनच्या त्या उंच, रंगीत काचांच्या सभागृहात पहिला अर्धा तास सुरळीत गेला. अश्लेषा उभी राहून उत्तरे देत होती, झग्यांतले विद्वान माना डोलावत होते, पहिल्या रांगेत सरलाबाईंशेजारी मियाबाई हातातली पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मग प्राध्यापक स्टेन्स्मा उठले. उंच, किडकिडीत, पांढऱ्या भुवयांचा माणूस. मुद्रणाच्या इतिहासातला मोठा अधिकारी.

"चौथ्या प्रकरणाचा पुरावा मला आवडला," ते म्हणाले. प्रतीक वडिलांच्या कानात मराठीत सांगत होता. "तो इतका आवडला, की मी त्याची परीक्षा घेतली. मोडक्या पायाचा आर, उलटे एन, सगळे मी तपासले. निरीक्षण अचूक आहे. मग मी मेम्फिसहून हे मागवले."

त्यांनी एका पारदर्शक पाकिटातून एक पिवळा कागद काढला.

"एकोणीसशे पंचेचाळीसचे, एका जत्रेचे पत्रक. यातही उलटे एन आहेत. यातही तोच लंगडा आर आहे. आणि तळाशी छापले आहे, टॅलबर्ट प्रिंटिंग हाउस, मेम्फिस. म्हणजे हे खिळे टॅलबर्टचे. म्हणजे मासिकही टॅलबर्टकडेच छापले गेले. तुमच्याच पद्धतीने तुमचे प्रकरण कोसळते असे मला वाटते. आपले उत्तर?"

अश्लेषाने त्या पिवळ्या कागदाकडे पाहिले. उल्हासरावांना तिच्या मानेची शीर उडताना दिसली. दहावीच्या निकालाच्या दिवशीही ती अशीच उडत होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटे राहिली होती.

अश्लेषाने एक श्वास घेतला आणि ती अध्यक्षांकडे वळली.

"अध्यक्षमहाराज, जुन्या प्रथेप्रमाणे हे उत्तर माझ्या पारानिम्फने द्यावे, अशी मी विनंती करते. ज्यांचे निरीक्षण आहे, ते इथे उभे आहेत."

खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांनी समितीकडे पाहिले. कोणीतरी हसले, कोणीतरी खांदे उडवले. स्टेन्स्मा म्हणाले, "माझी हरकत नाही. उलट मला आनंद होईल." आणि त्यांनी ते पत्रक टेबलावर ठेवले.

"बाबा," प्रतीक कुजबुजला, "जमेल ना? नाहीतर सांगू का, की..."

"तू फक्त भाषांतर कर. आणि नीट कर, बँकेतल्यासारखं नको."

उल्हासराव टेबलाशी गेले. त्यांनी भिंग काढले आणि पत्रकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर. मधेच एखादी ओळ वाचून निकाल देणे हा त्यांच्या लेखी अपराध होता; पान तपासायचे तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, हा एकतीस वर्षांचा नेम पंडितांपुढे मोडायचे काही कारण त्यांना दिसत नव्हते. मिनिट गेले. दोन गेली. आर खरेच तोच होता. बीचा चराही तोच. बोट पुढे सरकत राहिले. चार मिनिटे. अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले. पाचव्या मिनिटाला बोट तळाच्या ओळीवर आले, टॅलबर्टच्या नावावर, आणि तिथे थांबले.

त्यांनी भिंग खाली ठेवले.

"साहेब, तुमचं बरोबर आहे. हे खिळे तेच आहेत," ते मराठीत म्हणाले, आणि प्रतीकने सांगितले. अश्लेषाने डोळे मिटले. "पण हे पान एका माणसानं जुळवलेलं नाही. वरचा सगळा मजकूर झिजलेल्या खिळ्यांचा आहे. अक्षरांच्या कडा बोथट, पाय मोडलेले, यू अपुरे. आणि ही शेवटची एकच ओळ, नावाची, ती कोऱ्या करकरीत खिळ्यांची आहे. हिच्यातला आर बघा. धडधाकट दोन पायांवर उभा आहे. बी बघा. पोटात चरा नाही. ज्याच्याकडे इतके नवे खिळे होते, त्यानं वर मोडके का वापरले?"

स्टेन्स्मांच्या भुवया वर गेल्या.

"मी सांगतो का ते. आमच्या साताऱ्याच्या छापखान्यात पुण्याच्या एका मोठ्या छापखान्याची कामं यायची. त्यांच्याकडे काम जास्त झालं की ते आमच्याकडे ढकलत, कारण आम्ही स्वस्तात करायचो. मजकूर आम्ही जुळवायचा, आम्ही छापायचा. पण तळाची नावाची ओळ ते स्वतःच्या खिळ्यांनी जुळवून, सुतळीनं बांधून पाठवायचे. ती तशीच उचलायची आणि पानाच्या पायाशी बसवायची. तिला हात लावायचा नाही. मी एकतीस वर्षांत अशा शंभर ओळी बसवल्या असतील. पानाच्या तळाचं नाव काम घेणाऱ्याचं असतं, साहेब. काम करणाऱ्याचं नाव हवं असेल तर वर बघावं लागतं, मोडक्या अक्षरांत."

प्रतीकने हे अगदी नीट सांगितले.

"टॅलबर्टनं हॅटीला छापून दिलं नाही," उल्हासराव म्हणाले. "हॅटी टॅलबर्टला छापून देत होती. तुम्ही आणलेला हा कागद त्याचाच पुरावा आहे. माझ्या मुलीकडे तो नव्हता. तुमचे आभार."

सभागृहात कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि अध्यक्षांच्या नजरेने ती थांबली. स्टेन्स्मांनी पत्रक उचलले, उजेडाकडे धरले, डोळ्यांशी नेले. मग पुन्हा खाली आणले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ते बोलण्यासाठी ताठ उभे राहिले, एक बोट वर केले आणि म्हणाले, "तथापि..."

दार उघडले. घुंगरांची काठी फरशीवर आपटली.

"होरा एस्त!"

स्टेन्स्मांचे बोट हवेतच राहिले. क्षणभर त्यांनी त्या बोटाकडे पाहिले, मग दंडधाऱ्याकडे, मग उल्हासरावांकडे. आणि तो रुक्ष माणूस तोंडावर हात ठेवून खांदे हलेपर्यंत हसला. समिती रांगेने आत विचारविनिमयाला गेली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा अश्लेषाच्या हातात लाल गोंड्याची पदवी पडली, आणि मग मात्र टाळ्या कोणाच्या नजरेला भीक घालेनात.

खालच्या दालनात पेयपानाची गर्दी झाली. मियाबाईंनी उल्हासरावांचे दोन्ही हात धरून डचमध्ये काहीतरी बराच वेळ सांगितले. अश्लेषा त्याचे मराठी करायला लागली आणि तिला हुंदका आला.

"म्हणतात, उद्या मी सायलसच्या कबरीवर फुलं ठेवायला जाणार आहे. त्याला सांगेन, बहिणीचं नाव लागलं."

"अजून लागलं नाही," उल्हासराव म्हणाले. "तो उंच माणूस काय म्हणतो ते बघू आधी."

उंच माणूस गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडेच येत होता. त्याच्या हातात ते पिवळे पत्रक होते आणि दुसऱ्या हातात, कोणाकडून तरी मागून आणलेले, एक भिंग.

"मिस्टर पडवळ, मी आता पुन्हा पाहिले," स्टेन्स्मा म्हणाले. "वीस वर्षे मी विद्यार्थ्यांना तळाची ओळ वाचायला शिकवत आलो. गुरुवारी माझ्या वर्गाला याल का? विद्यार्थ्यांना वर बघायला शिकवा."

प्रतीकने भाषांतर केले. सरलाबाईंनी नवऱ्याच्या कोटाची बाही मागून हळूच ओढली. हो म्हणा, असा त्या ओढण्याचा अर्थ होता.

"येईन. पण तुमचं ते 'तथापि' अर्धं राहिलं. पुढे काय म्हणणार होता?"

"तथापि," स्टेन्स्मा म्हणाले, "मी हे म्हणणार होतो, की चौथ्या प्रकरणाचे शीर्षक फार मिळमिळीत आहे. 'चर्चच्या तळघरातला छापखाना' म्हणजे काय? ग्रंथ निघेल तेव्हा तिचे नाव शीर्षकात हवे. हॅटी मेबेरी, मुद्रक. तशी शिफारस मी आजच लिहितो."

अश्लेषाने वडिलांचा हात घट्ट धरला. उल्हासरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"अहो, आता कशाचा वाद?" सरलाबाई हताश होऊन म्हणाल्या.

"वाद नाही. एक साधा प्रश्न आहे. प्रतीक, विचार त्यांना. पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकात व्हिटलोचं नाव ज्या आकाराच्या अक्षरात आहे, हिचं त्याच आकारात येणार ना? तळटीपेसारखं बारीक चालणार नाही."

स्टेन्स्मांनी हात पुढे केला. "त्याच आकारात."

"मग झालं," उल्हासराव म्हणाले आणि त्यांनी तो हात धरला. "आता ते छापायला हरकत नाही."